वाकळीचं चिलखत

प्रेम हेच माणसाचं खरं चिलखत. ते ज्याच्या अंगावर असतं त्याला तलवार चिरत नाही, गोळी भेदत नाही, आणि काळसुद्धा त्याच्यासमोर क्षणभर वरमून उभा राहतो, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. थोर माणसांपैकी कुणीही पूर्णेच्या पोलीस चौकीत नोकरीला नव्हतं. तिथं चिलखत म्हणजे रॉकेलचे दोन डबे होते.

डबे कापून, ठोकून सपाट केलेले. एक छातीवर, एक पाठीवर, मध्ये सुतळी. कल्पना अमीनसाहेबांची, म्हणजे चौकीच्या मुख्य अंमलदाराची. निजामी राजवटीचं ते शेवटचं वर्ष होतं. अर्थात हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, निजामालाही नाही. सरहद्दीवरच्या नाक्यांवर रोज काहीतरी पेटत होतं. जवानांवर गोफणीचे दगड येत, भाले येत, ठासणीच्या बंदुकीचे छर्रे येत. हैदराबादेहून त्यांच्या संरक्षणासाठी आलं ते 'सावध राहावे' एवढंच फर्मान. फर्मान अंगावर बांधता येत नाही, म्हणून अमीनसाहेबांनी डबे कापले.

ते पहिल्यांदा चढवायचा मान लिंबाजीला मिळाला. लिंबाजी वालूरचा. घरच्या जमिनीत थोरल्या भावाचंच भागेना म्हणून हा पोलिसात आलेला. उंच, सडपातळ, उभा राहिला की एक खांदा जरा खाली. हुकूम असा होता, की डबे घालून बाजारगल्लीनं चालत जायचं आणि कसं वाटतं ते येऊन सांगायचं. कसं वाटत होतं ते सबंध गल्लीला ऐकू येत होतं.

चतुराबाईच्या अंगणापाशी एका कुत्र्यानं त्या आवाजाला सक्त हरकत घेतली. लिंबाजी दचकला, पाय घसरला, आणि तो उताणा पडला. पडला तो पडलाच. डबे वाकेनात, माणूस उठेना. उलट्या पडलेल्या कासवासारखे हातपाय तेवढे हलत राहिले.

अंगणात एक बाई वाकळीला टाके घालत बसली होती. पुढं जे झालं त्यात कुणालाही दोष देता येत नाही. ती हसली. तोंडावर पदर घेऊन हसली, मग पदर काढून हसली.

"उठा की वो जवान."

"उठायलोच हाय," लिंबाजी आभाळाकडं बघत म्हणाला.

"कवापासून?"

"तुमी हसायला लागल्यापासून. हसून झालं असंल तर हात द्या."

तिचं हसू थांबलं. हात द्यायचा तर प्रश्नच नव्हता. तिचं लग्न परकराच्या वयात झालेलं, नवरा पटकीच्या साथीत गेलेला. त्याचा चेहरा तिला आठवत नसे. त्याच्यासाठी रडायचं कसं, हे मात्र गल्लीतल्या बायकांनी नीट शिकवलं होतं. तिनं वाकळीचं एक टोक त्याच्याकडं फेकलं.

"हात न्हाई मिळायचा. हे धरा."

त्यानं धरलं, तिनं ओढलं. सरकार उभं राहिलं.

टोक हातात घेऊन तो तसाच थांबला. बोटांनी चाचपलं, ओढून पाहिलं.

"लय दणकट हाय. काय भरलंय आत?"

"जुनी लुगडी. एकावर एक." तिनं दाभण घेतली आणि जोर लावून दाखवलं. "ह्ये बघा. ही बी सरळ जात न्हाई. तुमच्या डब्यातून जाईल."

"पोरीची जीभ कात्री हाय जवान," ओट्यावरून चतुराबाई म्हणाली. ही तिची आई. पूर्णेतल्या निम्म्या घरांत तिच्या हातच्या वाकळी होत्या, पण आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. "आत ये कडू."

"कडू?" लिंबाजी म्हणाला.

"कडूबाई. माझ्या आधीची जगली न्हाईत, म्हणून नाव कडू ठेवलं. कुणाची नजर लागू नये म्हणून." ती वाकळ गोळा करायला लागली. "तुमचं?"

"लिंबाजी."

तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा पदर तोंडाशी गेला. गोष्टीतल्या नायकाचं नाव लिंबाच्या झाडावरून आणि नायिकेचं कडू, अशा गोष्टीला साखर कुठून आणायची? ती जिथून यायची तिथूनच आली. दुसऱ्या दिवशी लिंबाजी परत त्या गल्लीत आला. या वेळी बिनडब्याचा, आणि अमीनसाहेबांना घेऊन.

अमीनसाहेब शिकलेले होते. त्यांनी आधी परीक्षा घेतली. वाकळीचा एक तुकडा लाल भोपळ्याला गुंडाळून भोपळा नदीकाठी खांबावर बांधला. लांबून दगड मारले, भाला मारला, ठासणीची बंदूक उडवली. वाकळ उलगडून पाहिली तर भोपळा शाबूत.

"कद्दू बच गया!" अमीनसाहेब लहान पोरासारखे ओरडले. "लिंबाजी, कद्दू बच गया तो तू भी बचिंगा!"

त्या संध्याकाळी चौकीत भोपळ्याची भाजी झाली. सरकारसाठी एवढं सोसून शेवटी पातेल्यात जाणारा तो काही पहिलाच नव्हता.

चतुराबाईनं वाकळीची चिलखतं शिवायचं काम घेतलं, पण अट घातली. माप घेताना माझ्या लेकीनं परक्या पुरुषाला हात लावायचा नाही. तिच्या स्वतःच्या डोळ्यांना तर दोराच दिसेना. मग तोड निघाली. कडूबाईनं ओट्यावर बसून दोऱ्याचं एक टोक धरायचं, दुसरं टोक जवानानं आपल्या छातीवर दाबायचं, आणि स्वतःच स्वतःभोवती गिरकी घ्यायची. त्या आठवड्यात चौकीतला प्रत्येक जवान चतुराबाईच्या अंगणात भोवऱ्यासारखा फिरला. गल्लीतल्या बायका नळाची चावी बिघडल्यासारख्या पुन्हा पुन्हा घागरी घेऊन तिथून जात होत्या. पूर्णेला तेव्हा नळ नव्हता.

चिलखतं शिवून झाली आणि एकही बसेना. छातीत ढगळ, पोटावर मिटत नाही. अमीनसाहेब शिलाईला बोलले, चतुराबाई जवानांच्या खाण्याला बोलली. खरी गोष्ट अशी होती, की जवान बाईसमोर उभा राहिला की छाती पुढं काढतो आणि पोट आत घेतो. जमादार माणिकरावांनी तर पोट असं आत घेतलं होतं, की ते कुठं गेलं याचा तपास लावावा लागला असता. मापं सगळी खरी होती; माणसं खोटी उभी होती.

एकट्या लिंबाजीचं माप राहिलं होतं. तो आला आणि नेहमीसारखाच उभा राहिला. खांदा उतरलेला, पाठीला जरा पोक.

"ताठ उभं राहा की."

"ताठ राहिलो तर ताठ माणसाचं चिलखत होईल. मग मी काय घालू?"

"बाकी सगळे ताठ राहिले."

"त्येंचं काय झालं?" तो सावकाश फिरला. दोरा त्याच्याभोवती गुंडाळत गेला, तसा तो ओट्याच्या जवळ जवळ आला. "कडूबाई, गोळी काय सावधान म्हणून येती का?"

ती या खेपेला हसली नाही. दोरा ताणलेला, एक टोक तिच्या चिमटीत, दुसरं त्याच्या छातीवर. त्याचा श्वास दोऱ्यातून तिच्या बोटांना लागत होता. चतुराबाईनं घातलेल्या अटीत दोऱ्याचा विचार झालेला नव्हता.

मग तिनं सगळ्यांची मापं नव्यानं घेतली. आधी ताक प्यायला देई, घरच्या गुराढोरांची चौकशी करी, आणि जवान गावच्या आठवणीनं सुस्कारा टाकून सैल पडला की दोरा ओढून घेई. चिलखतं अंगासरशी बसायला लागली. अमीनसाहेबांनी तसं वर कळवलं, आणि वरून हुकूम आला. ज्याचं चिलखत बसलं, त्याला सरहद्दीच्या नाक्यावर रवाना करा.

हे कडूबाईला जमादार माणिकरावांनी सांगितलं. त्यांचं स्वतःचं चिलखत उत्तम बसलं होतं, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा चिलखत नसल्यासारखा झाला होता.

त्याच दुपारी लिंबाजी चिलखत घालून बघायला आला.

"काखेत सैल हाय," ती म्हणाली.

"न्हाई की. बरोबर हाय."

"मी सैल म्हणते न. काढा."

लिंबाजीनं तिच्याकडं पाहिलं. ती सुईत दोरा ओवत होती, आणि दोरा काही केल्या नाकात जात नव्हता.

"हो," तो म्हणाला. "लयच सैल हाय. वारं जायलंय."

तिथून एक विचित्र चिलखत तयार व्हायला लागलं. ते दुपारी शिवलं जाई आणि सकाळी उसवलं जाई. आज गळा टोचे, उद्या खांदा उचले, परवा नसलेलं पोट अडचणीत येई. होळी झाली, पाडवा झाला, आंबे येऊन संपले. माणिकराव आणि बाकीचे जवान हिंगोलीच्या गाडीनं केव्हाच नाक्यावर गेले.

"ये चिलखत है के दुल्हन का जोडा?" अमीनसाहेब विचारायचे.

"साहेब, कापडाचं काम हाय," चतुराबाई शांतपणे सांगायची. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. बाकी सगळं दिसत होतं.

"एवढं उसवता, हात दुखत न्हाईत?" एकदा लिंबाजीनं विचारलं.

"शिवताना दुखतात. उसवताना न्हाई दुखत."

तो ओट्याखाली बसला होता. तुटलेले दोऱ्याचे तुकडे वेचून एका मुठीत गोळा करत होता.

"तिथं लढाई कुणाशी असती वो?" तिनं विचारलं.

"सरहद्दीपल्याडचे म्हणतात, आमी तुमचेच. पाठीमागं बंदूक घेऊन उभे हायत, ते बी म्हणतात, आमी तुमचेच. मधी मी."

"मग सोडा की नोकरी."

"सोडली की दुसऱ्या दिशी भावाचं घर पेटवतील. लेकरं हायत त्याची." त्यानं मूठ उघडली, दोरे उडून गेले. "तुमी शिवा सावकाश. मला घाई न्हाई."

श्रावण लागला तशी एका सकाळी अमीनसाहेबांची टोपी चतुराबाईच्या अंगणात आली. डोक्यावर नव्हती, हातात होती. ते ओट्याच्या कडेला बसले. टोपी गुडघ्यावर ठेवून तिच्या कडा सारख्या करत राहिले.

"बेटी," शेवटी ते म्हणाले, "मैं अंधा नहीं हूँ. जितने दिन रख सकता था, रखा. अब मेरे हात में कुच नहीं. सोमवार कू बचे सो सब जारे. चिलखत हो या न हो."

ते गेल्यावर कडूबाई उठली. पेटीतून लग्नातलं लुगडं काढलं. रंग उडाला नव्हता, कारण ते नेसायचे दिवस तिच्या वाट्याला आलेच नव्हते. फाडताना त्याचा आवाज झाला तेव्हा चतुराबाईनं आतून विचारलं, "काय फाटलं गं?" "जुनं व्हतं," कडूबाई म्हणाली, आणि ते थर छातीच्या डाव्या बाजूला घातले. सोमवारपर्यंत तिनं एक टाकाही उसवला नाही.

एकच खरी अडचण निघाली. बाकीच्यांच्या चिलखतांचे बंद दोन्ही कुशींना होते, आणि तिथं काखेखाली तळहाताएवढी फट राही. इतरांना ती फट चालली होती. लिंबाजीच्या अंगावर तिला ती चालेना. तिनं पुढची बाजू अखंड केली, दोन्ही कुशी झाकून पार मागं नेली, आणि सगळे बंद पाठीवर घेतले. छर्रा शिरायला कुठं जागा उरली नाही.

लिंबाजीनं हात मागं नेऊन पाहिले. "माझं मला बांधता यायचं न्हाई हे."

"कुणीतरी बांधंल."

"आन सोडायचं कुणी?"

"ज्यानं बांधलं त्यानं," ती बोलून गेली. मग दोघंही अंगणातल्या कोंबड्यांकडं बघत राहिले. कोंबड्यांमध्ये त्या दिवशी बघण्यासारखं काही नव्हतं.

पुढचं आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे शेवटी कुणाला डोळ्याला लावायला पदर शोधायला नको. लिंबाजी परत आला नाही.

त्याला गोळी लागली नाही. भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि त्या नाक्यावर एक बारही न होता सगळं संपलं. राज्य गेलं, नोकरी गेली, राखायला काही उरलं नाही. मागून बंदूक धरणारे आधीच पळाले होते. जवानांनी चिलखतं नाक्यावरच टाकली आणि घरची वाट धरली. वाटेत कयाधू नदी होती. ही हकीकत जमादार माणिकरावांनी अंगणात उभं राहून सांगितली. या वेळी त्यांना पोट आत घ्यायची आठवण राहिली नाही.

"तो पहाऱ्यावरून तसाच आला होता बाई, चिलखत अंगावर. मी म्हणलं, लिंबाजी, थांब, गाठी सोडतो. रोज मीच सोडायचो. तर हसला. म्हणला, ऱ्हाऊ द्या जमादार, आज पूर्णेला जाऊनच सोडू... पाणी लय नव्हतं. कमरेइतकं. मधी खड्डा लागला. आमी हातपाय मारून वर आलो. वाकळ पाणी पिली, बाई. जड झाली. तो हात मागं नेऊन गाठ शोधायला होता. मी बघत होतो... पोचता आलं न्हाई."

"पाण्यानं गाठ आवळली असंल," कडूबाई म्हणाली.

माणिकरावांनी मान हलवली.

"कोरडी असती तर एका ओढीत सुटली असती. मी तशीच घातली होती."

पुढं त्या चिलखताबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की त्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता. कामगिरी म्हणून पाहिलं तर चौकीनं शिवून घेतलेल्यात ते सर्वोत्तम होतं.

कडूबाई म्हातारी होईपर्यंत शिवत राहिली. पूर्णेतल्या कितीतरी लेकरांची झबली, कुंच्या तिच्या हातच्या. बंद सगळे पुढं. बायका कुरकुर करायच्या, "मावशी, लेकरू ओढून सोडून टाकतंय की!" ती मान वर न करता म्हणायची, "सोडू द्या."

पण गोष्ट तिथं सोडायची नाही. त्या सोमवारी सकाळी अंगणात श्रावणातलं ऊन पडलं होतं. मध्येच भुरभुर पाऊस येई आणि उन्हाला तो आल्याचं कळतही नसे. लिंबाजी पाठमोरा उभा होता. एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात वळकटी आणि तिच्यावर चतुराबाईनं दिलेलं भाकरीचं गाठोडं. ती मागं उभी राहून बंद बांधत होती, खालून वर, बोटं कापडाबाहेर कुठं लागू न देता.

"घट्ट झालं का?"

"न्हाई. ब्येस हाय."

"हात वर करून बघा." त्यानं बंदूक वर केली, खाली घेतली. कुठंही ओढ बसली नाही. तिच्या हातून असं काही शिवलं गेल्याचं तिला नवल वाटलं, आणि त्याच क्षणी रागही आला.

"लिंबाजी..." तिनं पहिल्यांदाच नावानं हाक मारली. "काखेत सैल म्हणायची मी... ते सैल नव्हतं."

"ठाव हाय."

"गळा बी टोचत नव्हता."

"माझाच गळा हाय की तो. मला ठाव न्हाई व्हय?"

"पहिल्याच दिशी बरोबर बसलं होतं."

"हो."

"मग बोलला का न्हाई?"

"तुमी उसवायच्या... बरं वाटायलं होतं."

ती शेवटची गाठ मारून वळसा घालून त्याच्यासमोर आली. इतक्या महिन्यांत मध्ये नेहमी काहीतरी असायचं — वाकळ, दोरा, ओटा. आज काहीच नव्हतं.

"चतुरामावशीला इचारणार होतो मी," तो म्हणाला. "तुमच्याशी पाट लावायचं. तुमची ना नसंल तर."

"मग इचारा की. आत तर बसलीय."

"आत्ता इचारलं, आन हो म्हणल्या, तर माझा पाय निघायचा न्हाई. आल्यावर इचारतो."

आतून चतुराबाईच्या जात्याचा आवाज येत होता. तो मध्येच थांबला, आणि मुद्दाम पुन्हा सुरू झाला.

"माझी ना न्हाई," कडूबाई म्हणाली. आवाज तिच्याच कानाला अनोळखी वाटला. "कधीच नव्हती. डबे घालून पडला होता तवाबी नव्हती. तुमी या फक्त. राज्य कुणाचं ऱ्हाऊ दे, कुणाचं जाऊ दे... तुमी या."

चौकीच्या बाजूनं शिट्टी झाली. लिंबाजी हलला नाही. भुरभुर थांबली होती आणि त्याच्या पापण्यांवर थेंब तसेच राहिले होते. तो तिच्याकडं बघत होता, ओठ हलत होते आणि शब्द निघत नव्हता. कडूबाईनं श्वास रोखून धरला. आता जे येईल ते जन्मभर पुरवायचं होतं, एवढं तिला कुणी न सांगता कळलं.

"कडू..."

"हं?"

"दोन्ही हात गुतलेत माझे," लिंबाजी म्हणाला. "नाक लय खाजायलंय. तेवढं जरा खाजवता का?"